एका पायाचा मिजाज

हकीमसाहेब कुणाशी हात मिळवत नसत. समोरच्याच्या मनगटावर आपल्या हाताची मागची बाजू टेकवत आणि डोळे मिटून गप्प बसत. त्या गप्प बसण्याची मला भीती वाटायची.

कुवेतच्या जाब्रिया भागातल्या त्यांच्या दवाखान्यात मी कॉलेजच्या प्रकल्पासाठी जायचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. चुकलं तर विचारायचं कुणाला, हीही धास्ती होती. इराणी वैद्यकात माणसाचा मिजाज, म्हणजे मूळ प्रकृती, उष्ण की थंड हे स्पर्शानं ओळखतात. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यानं ते कळतं का, हे मला बघायचं होतं.

बाहेरच्या उन्हातून आलेल्याला अर्धा तास एसीत बसवल्याशिवाय ते कॅमेऱ्याला हात लावू देत नसत. "बेटी, अभी कुवेत का फोटो आएगा, आदमी का नहीं," असं मोडक्या हिंदीत म्हणायचे.

माणसं कमी पडली म्हणून एकदा बाबांना नेलं. बाबा खैतानला एसी दुरुस्तीच्या कंपनीत होते. अर्ध्या तासानं मोजे काढले. पडद्यावर उजवा पाय पिवळा, डावा घोट्याखाली गर्द निळा. मी वहीत लिहिलं, 'थंड मिजाज'.

हकीमसाहेबांनी ते वाचलं. खाली बसून दोन्ही पावलं चाचपली. डोळे उघडेच होते.

"मिजाज पूरे आदमी का होता है, एक पैर का नहीं. ये बीमारी है. चलने में दर्द?"

"थोडा. छे महिने से," बाबा म्हणाले. मग मला हळूच, "कुठं बोलू नकोस हं. कॉन्ट्रॅक्ट संपत आलंय. कळलं तर हातात परतीचं तिकीट देतील."

खरंच सांगते, लिहिलेलं तसंच ठेवावं असं क्षणभर वाटलं.

"तुम्हीच औषध द्या ना," मी हिंदीत विनवलं.

"दे सकता हूं. दर्द दबेगा, पैर जाएगा. इसी का डर लगता है," म्हणत त्यांनी दवाखाना बंद केला आणि आपल्याच गाडीतून आम्हाला हॉस्पिटलात नेलं. रक्तवाहिनी तुंबली होती. आणखी थोडे दिवस गेले असते तर पाय कापावा लागला असता.

पाय वाचला. नोकरी गेली.

गावी परतायच्या दिवशी मी एकटीच त्यांचा निरोप घ्यायला गेले. "बाबा तुमच्यावर रागावलेत. तुमचं नाव काढलं तर घरातून निघून गेले," मी चाचरत सांगितलं.

"चलके गए?"

"हां."

"दोनों पैरों पर?"

मी मान डोलावली.

"तो गुस्सा रहने दो, बेटी."