इंजिन चालू, किल्ली खिशात

भोंगेवाल्याला म्हणे बायकोचा आवाज सहन होत नाही. म्हणून तो रोज संध्याकाळी घरासमोर गाडी लावतो आणि उतरतच नाही. काचा वर, इंजिन चालू, हात स्टिअरिंगवर, नजर समोरच्या भिंतीवर, असा मख्खासारखा बसून राहतो. बऱ्याच वेळाने इंजिन बंद करतो, काच चार बोटं खाली घेतो, घराच्या दिशेने कानोसा घेतो, आणि आतलं वादळ शमलंय अशी खात्री पटली, की मगच दार उघडतो. ही बातमी गल्लीला कुणी पुरवली ते सांगायला नको. समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक मावशी राहतात. त्यांची गॅलरी नेमकी रस्त्यावर येते, आणि मावशींचे गुडघे गेले असले तरी डोळे अजून शाबूत आहेत.

बातमीची गंमत अशी, की तिच्यात जवळजवळ काहीच खोटं नव्हतं. तो बसायचा हे खरं, काच खाली घ्यायचा हे खरं, कानोसा घ्यायचा हेही खरं. 'म्हणून' हा एक शब्द तेवढा मावशींनी पदरचा घातला होता.

आता हा भोंगेवाला कोण, तर मोटारींना चोरांपासून राखणारे अलार्म बसवणारा. मागच्या रस्त्यावर, डेंटिंगवाल्याच्या शेजारी त्याचा एका शटरचा गाळा. भिंतीवर वायरींची भेंडोळी, टेबलावर वायरी डाखायची सोल्डरिंग गन, आणि फळीवर ओळीने मांडलेले काळे सायरन. प्रत्येक सायरन गाडीत जाण्याआधी तो हातात धरून वाजवून बघायचा. त्या आवाजाने डेंटिंगवाल्याच्या हातातला हातोडासुद्धा दचकायचा. गावभर बोंब ठोकणारी यंत्रं ज्याच्या हातून निघाली, त्याच्या स्वतःच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे पक्कड लागायची. घरी तर 'हं' आणि 'काय?' या दोनच शब्दांवर त्याचा संसार चालायचा, आणि त्यातही 'काय?' जास्त.

बायको शिवणकाम करायची. नवं शिवण्यापेक्षा उसवलेलं, घट्ट झालेलं, सैल पडलेलं ठीक करून देण्यात तिचा हात चांगला. मशीन बाहेरच्या खोलीत खिडकीशी. मुलगी शिकायला दुसऱ्या गावी गेल्यापासून घरात दोघंच उरले होते. म्हणजे बोलायचं झालं तर तिने, आणि ऐकायचं झालं तर त्याने.

बातमी तिच्यापर्यंत पोचायला फार दिवस लागले नाहीत. मावशी स्वतःच अस्तर उसवलेला कोट घेऊन आल्या, खुर्चीत टेकल्या आणि पाय चोळत म्हणाल्या, "तू मनाला लावून घेऊ नकोस हं. पुरुष असतातच असे. माझा भाऊ तर वहिनीचं तोंड सुरू झालं की संडासात जाऊन बसायचा. तुझ्या नवऱ्याला निदान गाडी तरी आहे."

ती हसली. अस्तर शिवून दिलं, शिलाई सरळ आली. काळ्या कोटाला आपण निळा धागा घातलाय, हे मात्र तिला मावशी जिना चढून गेल्यावर कळलं.

त्या संध्याकाळी तिने मशीन चालू ठेवलं आणि पडद्याच्या फटीतून पाहिलं. गाडी आली. तो बसला. बसूनच राहिला. इंजिन थांबलं, काच चार बोटं खाली आली, आणि मग तो उतरला. मावशींनी सांगितल्यात कुठे एका अक्षराचा फरक नव्हता.

जेवताना तिने विषय काढला.

"अहो, एक विचारू?"

"काय?"

"एक विचारू का, म्हटलं."

"विचार की."

"गाडीत बसून काय करता रोज इतका वेळ?"

"टर्बो थंड करतो," तो म्हणाला, आणि मग वर्षभरात बोलला नसेल इतकं एका दमात बोलला. त्याची गाडी जुनी, पण टर्बोची. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर गरगर फिरणारी एक चक्की. ती लाल होईतो तापते. किल्ली काढून इंजिन लगेच बंद केलं तर तिला तेल मिळायचं थांबतं, आतलं तेल करपतं आणि चक्की कायमची बसते. म्हणून गाडी थांबल्यावर इंजिन थोडा वेळ नुसतं चालू ठेवायचं.

तिने सगळं ऐकून घेतलं. "माझी इस्त्रीपण तापते," ती म्हणाली. "मी काही तिची सोबत करत बसत नाही."

तो ताटातला भात कालवत राहिला.

"हे बघा, माझी बडबड नको झाली असेल तर सरळ सांगा. मी काही मोडून पडणार नाही. पण ते मला मावशींच्या तोंडून कळायला नको होतं."

इथे खरं तर त्याने दोन वाक्यं बोलायची होती आणि प्रकरण संपत होतं. पण माणूस असा, की बोलण्यापेक्षा वायर जोडणं त्याला सोपं. दुसऱ्याच दिवशी त्याने टर्बो टायमर मागवला. ही एक आगपेटीहून थोडी मोठी डबी असते. किल्ली काढली तरी ती इंजिनाला ठरलेला वेळ चालू ठेवते आणि मग आपणहून बंद करते. मालकाने खुशाल घरी जावं.

डेंटिंगवाल्याने डबी उलटसुलट करून पाहिली. "म्हणजे बंद केली तरी चालूच?"

"थोडा वेळ."

"आमच्या सासूबाईंना बसवलेली दिसते ही."

टायमर बसला. संध्याकाळी भोंगेवाल्याने घरासमोर गाडी लावली, हँडब्रेक ओढला, किल्ली काढून खिशात टाकली आणि तडक खाली उतरला. इंजिन आपलं मागे शहाण्यासारखं घरघरत होतं. त्याने रिमोट दाबला. अलार्म लागायच्या ऐवजी गाडीने तीनदा किरकिर केली. पुन्हा दाबला, पुन्हा किरकिर. अलार्म अडून बसला होता. इंजिन चालू म्हणजे मालक आत, आणि मालक आत असताना पहारा कसला, असा त्याचा हिशोब.

आता ज्याने आयुष्यभर लोकांना गाडी एक क्षण उघडी सोडू नका म्हणून सांगितलं, तो स्वतःची चालू गाडी पहाऱ्याविना रस्त्यावर टाकून आत कसा जाणार? तो बॉनेटला हात लावून उभा राहिला, इंजिन थांबेपर्यंत.

गॅलरीतून निकाल आला. "आधी बसायचा, आता उभा राहतो. दाराशी यायचंसुद्धा जिवावर येतं हो बिचाऱ्याच्या."

आत बायकोने ताट वाढून ठेवलं होतं आणि ती पाठ करून मशीनवर बसली होती.

"झाला थंड टर्बो?"

"झाला."

"चला. घरातलं एक तरी कुणी थंड झालं."

सुट्टीच्या दिवशी तो पुन्हा गाडीत शिरला आणि त्याने अलार्मला धाकाने सरळ केलं. इंजिन चालू असो वा नसो, रिमोट दाबला की पहारा सुरू, अशी जोडणी करून टाकली. चाचणी म्हणून एक चक्कर मारून आला, गाडी लावली, उतरला, रिमोट दाबला. दारं खटकन लागली, दिवे लुकलुकले. तो छाती काढून घराकडे निघाला. पहिल्या पायरीवर पाय पडतो न पडतो तोच इंजिनाच्या थरथरीने हादऱ्याचा सेन्सर जागा झाला. अलार्मला वाटलं, चोराने गाडी सुरू केली. मग अलार्मनेच इंजिनाचा गळा दाबला आणि सायरन सोडला.

गल्ली गॅलऱ्यांत आली. पोरंसोरं, म्हातारे, सगळ्यांची बोटं कानांत. मावशींनी तर हातातली परडी खाली टाकून दोन्ही कान धरले. भोंगेवाल्याने मात्र बॉनेट उघडलं आणि सायरनपासून वीतभर अंतरावर तोंड घालून वायर शोधू लागला, शेगडीवर दूध बघावं इतक्या शांतपणे. बायको पायऱ्या उतरून त्याच्या डाव्या हाताला आली. "अहो," तिने हाक मारली. मग जरा मोठ्याने मारली.

"बघा," मावशी शेजारणीला ओरडून सांगत होत्या, "हाक मारली तरी ढुंकून बघत नाही."

वायर सापडली, सायरन बंद पडला. रस्त्यावर एकदम शुकशुकाट झाला. त्या शुकशुकाटात तिने, तिथूनच, नेहमीच्या आवाजात पुन्हा हाक मारली. "अहो." तो वायरीशी खुडबुडत राहिला. मग ती गाडीला वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला गेली आणि त्याहून हळू म्हणाली, "अहो." तो लगेच वळला.

माप घ्यावं तसं तिने त्याला एकदा न्याहाळलं. शिवणकाम करणारी बाई, एक बाजू आखूड असली की तिला लांबूनच दिसतं.

"आत चहा ठेवलाय," ती म्हणाली. "घ्या आणि मग मला सांगा, हे एवढं बोंबलतं कशाला."

चहा झाल्यावर ती गाडीत त्याच्या शेजारच्या सीटवर न बसता मागच्या सीटवर उजव्या कोपऱ्यात बसली. तो डॅशबोर्डखालचं झाकण काढून वायरी दाखवू लागला. ही अलार्मची वायर. ही इग्निशनची, म्हणजे किल्लीकडून इंजिनाकडे जाणारी जाडी वायर, अलार्म हिच्यावर लक्ष ठेवतो. आजवर शेकडो गाड्यांत त्याने ती तिथेच जोडली होती, हात आपोआप तिथेच गेला होता. आता टायमर हीच वायर चालू ठेवतो, म्हणून अलार्मला वाटतं, माणूस आत आहे.

"गाडी धडधडतेय म्हणून माणूस आत आहे, हे त्याला कुणी सांगितलं?"

"पूर्वी तसंच असायचं ना."

"पूर्वी डबी नव्हती. आता इंजिनाला विचारून काय उपयोग? किल्ली निघाली का, ते विचारायला सांगा त्याला."

त्याने ती वायर बोटांनी चाचपून पाहिली. मग म्हणाला, "मधे तोडावी लागेल."

"मग तोडा."

त्याने ती जाडी वायर मधे तोडली आणि दोन टोकांत रिले नावाचा विजेचा खटका बसवला, म्हणजे टायमरची वीज किल्लीकडे उलटी फिरणार नाही. अलार्मची वायर किल्लीकडच्या टोकाला आली, टायमर इंजिनाकडच्या टोकाला गेला. आता किल्ली निघाली, की इंजिन चालू असूनही अलार्म समजणार, मालक गेला. इंजिनाचा गळा दाबायची सवय मोडून त्याला फक्त स्टार्टर अडवायला शिकवलं. इंजिन थांबेपर्यंत हादऱ्याचा सेन्सर झोपवला, दारांचा जागा ठेवला. आणि चालू गाडी कुणी काच फोडून पळवू म्हणेल, तर हँडब्रेक सोडल्याबरोबर टायमर इंजिन बंद करेल, अशी एक बारीक वायर टाकली. मावशींनी हे सगळं वरून पाहिलं. नवरा-बायको अर्धा दिवस गाडीत बसून वायरी तोडतायत, यातून काय बातमी करावी हे त्यांना सुचेना.

शेवटी टायमरच्या काचेवर आकडा घालायचा राहिला, इंजिन किती मिनिटं चालू ठेवायचं त्याचा. त्याने बटण दाबलं. १.

"एकच?" ती मागून म्हणाली.

"गावातल्या गावात एक पुष्कळ झालं. घाट चढून आलो तर गोष्ट वेगळी."

"आणि इतके दिवस बसत होता ते?"

तो बटणाशी खेळत राहिला.

"चांगली पाच-सहा मिनिटं बसता. पडद्याआडून बघितलंय मी. एक इंजिनाचं. बाकीची कुणाची?"

त्याने पक्कड खाली ठेवली आणि सांगितलं. इतक्या हळू सांगितलं, की मावशी कठड्यावरून अर्ध्या बाहेर झुकल्या तरी त्यांच्या पदरात काही पडलं नाही. त्यांना दिसलं ते इतकंच, की बाईने मागून हात पुढे केला, नवऱ्याचा डावा कान चिमटीत धरला आणि त्याची मान जराशी आपल्याकडे वळवली. मावशींनी ते कान पिळणं म्हणून नोंदवलं.

"एवढंच होतं, तर बोलायचं नाही?" ती म्हणाली.

"आधी वाटलं, जाईल आपोआप. मग इतके दिवस झाले, की आता कसं सांगायचं कळेना. तू म्हणाली असतीस, दुकान बंद करा."

"नसते म्हणाले. कानात बोळे घाला म्हणाले असते. मी इथे तुम्हाला आवडेना अशी झाले, या विचाराने जेवण जात नव्हतं माझं."

"काय?" तो म्हणाला.

"काही नाही," ती म्हणाली, आणि मग थोडी पुढे सरकून, उजव्या बाजूने, तेच वाक्य पुन्हा म्हणाली.

आता तो गाडी लावतो, किल्ली खिशात टाकतो, उतरतो, रिमोट दाबतो. दारं लागतात, दिवे लुकलुकतात, इंजिन मागे घरघरत राहतं. तो वळूनही न बघता घरात जातो, आणि गाडी आपली आपण बंद होते. मावशींचं म्हणणं असं, की इंजिन चालू ठेवून आत जातो, म्हणजे भांडण झालंच तर पळायला बरं. शेजारणीला ते पटलेलं आहे.

खरं होतं ते असं. सायरन वाजवून वाजवून भोंगेवाल्याचा डावा कान गेला होता, आणि दुकानातून निघाला की उरलेल्या कानात शीळ वाजत असायची. इंजिनाच्या घरघरीत बसलं की ती हळूहळू उतरायची. मग तो काच खाली घेऊन बायकोच्या मशीनचा आवाज येतो का ते बघायचा. मशीन ऐकू आलं म्हणजे तिचं बोलणंही ऐकू येणार, म्हणून मग आत जायचा. आता दुकानात तो दोन्ही कान झाकून सायरन वाजवतो. घरी आल्यावर मशीनशेजारी तिच्या डाव्या हाताला बसतो, म्हणजे त्याचा उजवा कान तिच्याकडे येतो. शीळ उतरली अशी तो मान हलवेपर्यंत ती बोलायला सुरुवात करत नाही.