अंक ज्याचा, त्याच्या नावे

माझ्या मासिकावर भाटकारीण बांगडे साफ करत होती.

मागच्या दारी विळी मांडून बसली होती. खाली पसरलेल्या पानावर कविता छापलेली, आणि कवितेवर खवलं, आतडी, रक्त. वेष्टन शेजारीच पडलं होतं. त्यावर माझं नाव होतं आणि पत्ता त्यांच्या घराचा.

आम्ही त्यांचे मुंडकार. जमीन भाटकाराची, तिच्यावर आमचं घर. म्हणून आमचं टपालही त्यांच्याकडेच पडायचं. बापजाद्यांपासूनची रीत. पोस्टमन आमच्या वाटेला वळायचाच नाही. काय द्यायचं, काय ठेवून घ्यायचं, ते भाटकार ठरवायचा. गोवा मुक्त झाला, तुयेला कारखाने आले, मी तिथे कामाला लागले. रीत तशीच राहिली. पहिल्या पगारातून मी त्या मासिकाची वर्गणी भरली होती. अंक येईनात म्हणून संपादकांना पत्रं लिहिली. त्यांचं उत्तरही मिळेना. कसं मिळणार? तेही त्याच घरात पडत होतं.

मी भाटकाराला विचारलं. तो पडवीत सुपारी कातरत होता. मान वर न करता म्हणाला, “तुका कित्याक गो जाय मासिक? चुलीत घालूंक?”

मुंडकाराच्या पोरीला मासिक हवं, म्हणून पडवीतले सगळे हसले. अंगणात उभा असलेला माझा बापही हसला. बाकीच्यांपेक्षा त्याचंच हसू मला जास्त झोंबलं.

आणि या घराची ऐट बघा. भाटकाराचा पणजा म्हणे मोठा सुधारक. पोर्तुगीज अमलात, शंभरावर वर्षांपूर्वी, त्याने मुंबईच्या एका मासिकाशी भांडण मांडलं होतं. आपल्या मुंडकाराच्या मुलासाठी त्याने वर्गणी भरली, तर संपादक अंक पाठवी याच्याच नावाने. मुंडकाराचं नाव वेष्टनावर घालायची लाज. म्हाताऱ्याने पुढची वर्गणी अडवली. तिकडून तगादा आला, तेव्हा ठणकावून उत्तर लिहिलं. त्या पत्राची नक्कल काचेत घालून दालनात टांगली होती. त्याच्या दर पुण्यतिथीला तिला हार, आणि पेडण्याहून बोलावलेले पाहुणे.

त्या वर्षी भाटकाराला वाटलं, पत्र मुंडकाराच्याच मुलीने वाचलं तर शोभून दिसेल. मला निरोप आला. ज्या दालनात आम्ही फक्त केर काढायला शिरायचो, तिथे मला पाहुण्यांसमोर उभं केलं.

मी वाचलं. “अंक ज्याचा, त्याच्या नावे धाडावा. तोंवर आम्हांकडून वर्गणी मिळणार नाही.”

टाळ्या पडल्या. मी जागची हलले नाही.

“भाटकारानूं, माझे अंक खंय आसात?”

तो पाहुण्यांकडे बघून दात काढत म्हणाला, “मागीर बघूया.”

मी तिथेच सगळं सांगितलं. बांगडे, खवलं, वेष्टनावरचं माझं नाव. भाटकाराचं तोंड पांढरं पडलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. पगाराच्या दिवशीही कधी इतकं वाटलं नव्हतं.

घरी बापाने कपाळ बडवून घेतलं. घर खाली करा, असा निरोप आलाच होता. मी तेलाचा रिकामा डबा दारावर ठोकला, त्यावर रंगाने माझं नाव घातलं आणि पोस्टात जाऊन सांगितलं, माझं टपाल यात टाकायचं. कायदा तोवर मुंडकाराच्या बाजूने झाला होता. घर गेलं नाही. अंक येऊ लागले. आधीचे मात्र आले नाहीत. ते त्यांच्या उकिरड्यात गेले.

लोक म्हणतात, आता मिळतात ना, मग सोड. का सोडू? दर पुण्यतिथीला मी जाते, न बोलावता. पुढच्या रांगेत बसते. मला बघितलं की भाटकार भाषणात अडखळतो. अडखळू दे.

गेल्या वर्षी भिंतीवर पत्र नव्हतं. काच फुटली म्हणाले.

फुटू दे. पत्र मला तोंडपाठ आहे. यंदा मी उभी राहीन, पहिल्या ओळीपासून म्हणेन आणि शेवटी तेच विचारीन. भाटकार मेला तर त्याच्या मुलाला विचारीन.