ताप उतरेपर्यंत

मी आज जो काही आहे तो माझ्या आत्यामुळे. तिरुवैयारूला देवळासाठी हार गुंफत तिने मला वाढवलं आणि तंजावूरच्या कॉलेजात घातलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. आत्याला देवनागरी येत नाही, म्हणून आम्ही एकमेकांना मराठी लिहितो ते तमिळ अक्षरांत. त्या लिपीत त आणि द एकच, प आणि ब एकच. वाचणाऱ्याने अंदाजाने ओळखायचं.

एकट्याने एसी बसवायचं ते माझं पहिलंच काम. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतलं घर, आपल्याच मराठी माणसांचं. घरमालकांना मी मामा म्हणत होतो. त्यांची लेक संध्याकाळी बाळाला घेऊन इस्पितळातून येणार होती. तांब्याच्या जुन्या नळ्या कित्येक दिवस उघड्या पडलेल्या, आत ओल शिरली होती. गळती नव्हती, ती सकाळीच तपासली होती. आता पंप लावून नळीतली हवा आणि ओल ओढून काढायची, मगच गॅस भरायचा. पण पंप बंद केला की गेजवरचा दाबाचा आकडा पुन्हा चढायचा. ओल अजून आतच होती.

त्या दिवशी जेवायला आत्याकडे जायचं होतं; काम कुठल्या घरी ते तिला सांगून ठेवलं होतं. मी तिला फोनवर लिहिलं, ‘दाब उतरेपर्यंत हलता येणार नाही.’

पंप पुन्हा सुरू केला. दुपार त्याच्या घरघरीत विरघळून गेली. निर्वात पोकळीत पाणी न तापवताच उकळतं, हे कॉलेजात शिकलो होतो. त्या बंद नळीच्या अंधारात थेंब आता उकळत असतील, कुणाला न दिसता. डोळे जड झाले. मला कावेरी दिसू लागली. पाणी हळूहळू उतरतंय, घाटाची एकेक ओली पायरी वर येतेय, उन्हात वाळतेय.

“तंबी! अरे पोरा!” मामा दारात उभे होते. “बाळ यायची वेळ झाली आणि तू ध्यान लावून बसलास? भर तो गॅस!”

“मामा, ओल राहिली तर आज थंड होईल, पण पुढे कॉम्प्रेसर जाईल.”

“पुढचं पुढे. नाहीतर तुझ्या दुकानात फोन करतो.”

फोन गेला असता तर मला पुन्हा एकट्याला कुणी पाठवलं नसतं. माझा हात गॅसच्या नळकांड्याकडे गेलाही. तेवढ्यात पायरीवर आत्या दिसली. बसने आलेली, घामाघूम, हातात साराचा डबा आणि कडुनिंबाचा डहाळा. तिने माझ्या कपाळाला हात लावला.

“कां रे, ताप कोठे आहे? उतरेपर्यंत हलवत नाही म्हणून लिहिलंस ना?”

क्षणभर मला कळेना. मग कळलं. “आत्या, ताप नव्हे, दाब! ह्या मशीनचा!”

तिने गेजकडे पाहिलं, मग डहाळ्याकडे. “अय्यो! म्हणजे मी एसीसाठी सार घेऊन आले?”

मामा खो खो हसले. “घाला मग त्याला सार. मी तेच म्हणतोय, भर म्हणून.”

“असं कसं?” आत्या गंभीर झाली. “ताप उतरल्याशिवाय जेवायला घालतात का? आधी लंघन.”

मामा स्वतःच खाली बसले. “बरं. होऊ दे लंघन.”

आम्ही तिघं त्या आकड्याकडे बघत बसलो. पुढच्या खेपेला पंप बंद केला आणि आकडा जागेवरच राहिला. मी गॅस सोडला. बाळ आलं तेव्हा खोली गार होती, आणि उंबऱ्यावर कडुनिंबाचा डहाळा होता.

फोनवरची अक्षरं आत्याला बारीक पडतात, म्हणून नंतर मी तिला कागदावर मोठ्या तमिळ अक्षरांत लिहिलं:

‘आत्यास नमस्कार. मशीन छान चाललं आहे, बाळ निजतं. मामांनी शेजारचं कामही मलाच सांगितलं. तू नसतीस तर मी घाईत गॅस भरला असता. रविवारी जेवायला येतो, सार कर. आता दाब नाही. त्या शब्दाचं तू दुसरं जे वाचशील, तेही नाही.’