कॅसेटवरच्या शिट्या

माझं मत तेव्हाही ठाम होतं आणि आजही आहे. गायिका जोखायची तर भर प्रयोगात टेप झालेल्या कॅसेटवर. स्टुडिओतलं गाणं म्हणजे फोटोसाठी पावडर लावून बसलेला माणूस. ऑपेरातल्या इटालियनचा एक शब्द मला कळत नव्हता, पण म्हणून माझं मत देणं कधी अडलं नाही.

ऐंशीच्या दशकात मी मरोळच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. शेजारच्या टेबलावरचा सहकारी तिथल्याच गावठाणातला, चर्चमध्ये गाणारा. त्याचा भाऊ बोटीवर होता, तो युरोपातून कॅसेट आणायचा. त्यातली एका नामांकित सोप्रानोची, म्हणजे अगदी वरच्या पट्टीत गाणाऱ्या बाईंची कॅसेट मी मागून आणली आणि परत द्यायचं नाव घेईना. त्यात प्रेक्षक खोकत, खुर्च्या करकरत आणि स्टेजच्या फळ्यांवर बाईंची पावलं वाजत. नाहूरच्या आमच्या घरात ती रोज संध्याकाळी लागायची.

ती लागली की वडील उठून गॅलरीत जायचे. ते पूर्वी गिरणीत होते. गणपतीतल्या संगीत नाटकांत बायकांच्या भूमिका करायचे. एकदा पद म्हणताना त्यांचा आवाज फाटला, लोकांनी हुर्यो उडवली आणि त्यांचं गाणं कायमचं सुटलं. "लोकांनी मला स्टेजवरून घालवलं," एवढंच ते सांगायचे. ह्या बाई त्यांना पुन्हा गाण्यापाशी आणून बसवतील, याची मला खात्री होती.

एका रविवारी सकाळी मी आवाज मुद्दाम वाढवला. थोड्या वेळाने गॅलरीतून ते म्हणाले, की बाईने आता प्रेक्षकांकडे पाठ केली आहे. मला इतक्या दिवसांत हे कधी ऐकू आलं नव्हतं. मग ते आत येऊन टेपरेकॉर्डरजवळच बसले आणि मी मनातल्या मनात जिंकलो.

तेवढ्यात गाण्यातली सगळ्यात वरची जागा आली आणि बाईंचा आवाज चिरला. थिएटरात कोणीतरी शिटी मारली, पाठोपाठ आणखी दोघा-तिघांनी. तिकडे शिटी म्हणजे हुर्योच. वडिलांनी हात पुढे करून टेप बंद केला. त्यांचा चेहरा उतरला होता.

"गेली ना आत?"

"नाही बाबा. पुढे गाते."

त्यांना ते पटेना. मी पुन्हा बटण दाबलं. शिट्या चालूच होत्या, आणि त्या शिट्यांतच बाईंनी पुढची ओळ घेतली, आधी हलकी, मग पूर्ण आवाजात. थिएटर गप्प झालं. शेवटी तर टाळ्या थांबेनात. बघा, म्हणत मी ऐटीत त्यांच्याकडे वळलो.

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझी ऐट तिथेच उतरली.

"मला कोणी घालवलं नव्हतं रे," ते म्हणाले. "पेटीवाला सूर धरून माझ्याकडे बघत बसला होता. मीच आत गेलो."