मागे तोफ, पुढे मी

आमच्या गावात रिटायर होणं हे तरुण माणसाचं काम आहे.

गाव सातारा जिल्ह्यातलं, कोरेगावच्या बाजूचं. घरटी एक जण फौजेत. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी पोरगं भरती होतं आणि सदतीस-अडतिसाव्या वर्षी पेन्शन घेऊन परत येतं. केस काळेभोर, मुलं प्राथमिक शाळेत, आणि हा गडी रिटायर. माझा धाकटा भाऊ असाच आला. दहावीला तिसऱ्यांदा बसायची वेळ आली तेव्हा तो भरतीला पळाला आणि पहिल्या फटक्यात लागला. त्याच्या आधी दोन वर्षं मीही पळालो होतो. चार फेऱ्यांतली तिसरी मी चालत पूर्ण केली आणि चौथी केलीच नाही. तिथून थेट कॉलेजात गेलो. लोकांना वाटतं मला शिकायची आवड होती. होती, नाही असं नाही. पण धाप जास्त लागत होती.

तर मी बीकॉम झालो. घरातला पहिला, आळीतलाही पहिला. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. वडिलांचा जन्म दुसऱ्याच्या रानात राबण्यात गेला. त्यांनी माझं सर्टिफिकेट काचेच्या चौकटीत घालून देवघराशेजारी टांगलं. आई देवांना हळदकुंकू लावताना एक बोट त्यालाही लावायची. काच होती म्हणून विद्यापीठाचा शिक्का वाचला.

गेली एकतीस वर्षं मी सांगलीत राहतो आणि कुपवाडच्या एका पंपाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. बेअरिंग कुठल्या रॅकवर, ऑइल सील कुठल्या डब्यात, हे मला डोळे मिटून सांगता येतं. काम वाईट नाही. वाईट वाटायचं ते गावी गेल्यावर. स्टँडवरच्या चहाच्या टपरीत माझ्याबरोबर शाळेत असलेले, वीस वर्षांपूर्वी रिटायर झालेले गडी बसलेले असायचे.

"काय बीकॉम, सुटला न्हाईस व्हय अजून?"

"अजून डबाच न्हेतोय त्यो. शिकल्याल्या मानसाचं लय अवघड असतंय गड्या."

मी हसायचो आणि त्यांच्या चहाचे पैसेही देऊन यायचो. पगारदार मीच ना.

यंदा मला अठ्ठावन्न पूर्ण होणार होती. महिन्याच्या सुरुवातीला मालकांच्या मुलाने मला केबिनमध्ये बोलावून एक कागद दिला. त्यावर दोन चौकोन होते. एकापुढे 'निवृत्ती', दुसऱ्यापुढे 'दोन वर्षे मुदतवाढ'. "काका, घाई नाही," तो म्हणाला, "शेवटच्या सोमवारपर्यंत द्या." हा मुलगा मी शाळेच्या गणवेशात पाहिलेला. आता त्याने स्टोअरमध्ये कॉम्प्युटर बसवलाय आणि मी त्यात एका बोटाने टाइप करतो. मुदतवाढ कामासाठी देतोय की कीव येऊन, हे त्याच्या तोंडावरून कळेना.

तो कागद तीन आठवडे माझ्या शर्टाच्या खिशात होता. शर्ट बदलला की कागदही बदली व्हायचा. खाजगी नोकरीतली पेन्शन किती असते ते मला माहीत होतं. त्यात आमचं दूध आणि विजेचं बिल भागलं असतं, भाजीचं बघावं लागलं असतं. मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. दुसऱ्या बाजूला दुखरे गुडघे, एका बोटाचं टायपिंग, आणि एकदा तरी रिटायर म्हणून टपरीत जाऊन बसायची हौस. बायकोला विचारलं.

"आवं, करा की रिटायर," ती म्हणाली. "पण दिवसभर घरात बसून डबे हुडकत फिरायचं न्हाई. माझ्या सैपाकघराचं स्टोअर करायचं न्हाई."

म्हणजे तिकडूनही निकाल लागेना.

तेवढ्यात भावाचा फोन आला. "दादा, तुला अठ्ठावन्न कवा भरतंय?"

"ह्याच महिन्याच्या तीस तारखेला."

"बरं. त्याच्या आधीच्या रविवारी या सगळी. जेवायला."

मी पुढे 'पण' म्हणणार होतो. तोवर फोन बंद. फौजेत तारीख सांगितली की ती झाली. तिथे दोन चौकोनांचा कागद कुणी देत नाही.

रविवारी आम्ही तिघं एसटीतून उतरलो आणि मुलगी म्हणाली, "बाबा, वर बघा."

स्टँडसमोर फ्लेक्स होता. दहा फूट रुंद. मधोमध माझा फोटो, आधार कार्डावरचा, त्यामुळे चेहरा नुकताच पकडून आणल्यासारखा. माझ्या मागे तोफ. तोफेच्या मागे बर्फाचे डोंगर, वर दोन लढाऊ विमानं. खाली लिहिलं होतं, 'अठ्ठावन्न वर्षांच्या अखंड सेवेनंतर सुपुत्राचे गावात सहर्ष स्वागत.' म्हणजे मी जन्मल्या दिवसापासून ड्युटीवर होतो.

भाऊ पुढे आला. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "अरे, ही तोफ कसली?"

"फ्लेक्सवाल्याकडं रिटायरचा योकच साचा हाय, दादा. आपल्यात दुसरं कोन रिटायर हुतंय? पंपाचा फोटू टाकू का म्हणाला. मी म्हटलं नगं, बरं दिसत न्हाई."

"अरे, पण मी अजून..."

तोवर हलगी सुरू झाली होती. मला उघड्या जीपमध्ये उभं केलं. शेजारी वडिलांना खुर्ची टाकून बसवलं. पुढे माजी सैनिक टोप्या घालून दोन रांगांत. कुणीतरी माझ्या डोक्यावर अख्खी पुडी गुलाल ओतला. 'भारतमाता की जय' झालं. मी हात जोडून उभा, खिशात कागद, आणि मनात एकच की हे सगळं थांबवायचं असेल तर आत्ता थांबवलं पाहिजे. पण चालत्या जीपमधून काय सांगणार?

शाळेजवळ एक म्हातारी ओवाळायला आली. "कंच्या बॉर्डरवर हुतास रं बाळा?"

"सांगलीत होतो, मावशी."

"आगं बया! तितं बी लढाई लागली व्हय?"

जीप चालवणारा माझ्याच वर्गातला, हवालदार म्हणून रिटायर झालेला. मिरवणूक देवळाशी अडली तेव्हा मागे वळून म्हणाला, "बीकॉम, भाषण बारकं कर. दोनला निघायचंय मला. सातपासनं ड्युटी हाय."

"कसली ड्युटी?"

"पाचगणीला. शाळंच्या गेटवर. रातपाळी."

"तू तर रिटायर ना?"

"व्हय की. कवाच झालोय."

मग मी रांगांकडे नीट बघितलं. तो उंच, एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा असतो. त्याच्या शेजारचा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर. माझा भाऊ स्वतः पहाटे पाचला उठून पोल्ट्रीच्या राखणीला जातो. हे मला माहीत होतं, पण त्याला मी कधी नोकरी धरलंच नव्हतं. टपरीत मला चिडवणारे सगळे सुट्टीच्या दिवशीच तिथे बसलेले असत, आणि मीही गावी सुट्टीच्या दिवशीच जात होतो. वीस वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नाही. बीकॉम असून.

ग्रामपंचायतीपुढे मांडव होता. शाल झाली, नारळ झाला. माजी सुभेदारांनी माइक माझ्या हातात दिला. मी घसा साफ केला आणि खरं ते सांगून टाकलं. म्हटलं, मी अजून रिटायर झालेलो नाही. कागद खिशात आहे, उद्या द्यायचाय, आणि काय लिहायचं ते मला कळत नाहीये.

हलगीवाल्याने हलगी खाली ठेवली. भावाने टोपी काढली आणि परत घातली.

"म्हंजे जीप उगंच फिरवली म्हणा की," सुभेदार म्हणाले.

"आवं, सत्कार माघारी घ्यायचा आसतोय का?" एकाने विचारलं.

मागून आवाज आला, "जेवान तरी हाय न्हवं?"

हशा झाला. मी शाल काढायला लागलो. तेवढ्यात वडिलांनी खुर्चीतूनच हात वर केला. ते मोठ्याने बोलत नाहीत, पण माइक माझ्या हातात होता आणि मी त्यांच्या शेजारीच उभा होतो, त्यामुळे ते सगळ्या गावाने ऐकलं.

"मालक जा म्हणला का?"

"न्हाई, तात्या. ऱ्हा म्हणतोय."

"मग?"

"गुडघं दुखत्यात."

"गुडघं मला बी हायती." ते म्हणाले. "तुला साळंत घातला तवा मास्तर म्हणला हुता, ह्यो शिकला तर सावलीत बसून काम करंल. मी म्हटलं, मग घाला नाव. ही समदी," त्यांनी टोप्यांच्या दोन रांगांकडे बोट केलं, "उन्हात हुबी ऱ्हाऊन आली, आन् आजून गेटावर हुबीच हायती. तू सावलीत बसलायस न्हवं? मग उठायची घाई कशाला?"

मग सुभेदारांनी माझ्या खांद्यावरची शाल परत नीट केली आणि जेवणाची पंगत बसवली.

सोमवारी सकाळी बायकोने न विचारता डबा भरून ठेवला होता. कारखान्यात पोचल्यावर मी मालकांच्या मुलासमोर कागद ठेवला. दुसऱ्या चौकोनात बरोबरची खूण होती आणि वरपासून खालपर्यंत गुलाल. त्याने कागद उलटा करून पाहिला, मग माझ्या कानामागे राहिलेला रंग पाहिला.

"काका, हे काय?"

"काल गावात रिटायर झालो," मी म्हटलं. "आज हजर आहे."

तो हसला आणि म्हणाला, "बरं झालं. शनिवारी तुम्ही गेल्यावर मला बासष्ट नंबरचं ऑइल सील दोन तास सापडत नव्हतं. कॉम्प्युटर म्हणतो, माल आहे; पण रॅकवर दिसत नाही." मी उठलो, खालच्या कप्प्यातल्या बिस्किटांच्या डब्यातून सील काढून दिलं आणि जागेवर येऊन बसलो. कीव येऊन ठेवलं का हा प्रश्न मी त्यानंतर स्वतःला विचारला नाही.

फ्लेक्स भावाने काढून वैरणीच्या गंजीवर टाकलाय. दोन वर्षं टिकेल म्हणतो. गावी गेलो की मी लांबून स्वतःला बघतो: मागे तोफ, वर विमानं, आणि पुढे माझ्या हनुवटीशी कडबा ओढत असलेली म्हैस.