डाव्या मनगटावरचा हात

पिंपळगाव रेणुकाईत तुळजाबाईला नवऱ्याचा हात धरताना कुणी पाहिलं असेल, तर ते लग्नातच, आणि तेही भटजीनं धरायला लावला म्हणून. त्यानंतर सारा जन्म भुजंगराव पुढं आणि ती चार पावलं मागं. भोकरदनच्या बाजारात गर्दी झाली की त्याच्या टोपीवर नजर ठेवायची आणि माणसं ढकलत मागं मागं जायचं, पण हात म्हणून धरायचा नाही. त्या दोघांच्या वयाच्या माणसांची रीतच तशी. त्याचं तिला कधी वाईट वाटलं असंही नाही. वाईट वाटायला आधी ती गोष्ट माहीत असावी लागते ना!

मग भुजंगरावाच्या किडन्या गेल्या. साखर होती, बीपी होतं, आणि गडी असा हट्टी, की 'मला काय धाड भरलीय' म्हणत गोळ्या खिशात घेऊन फिरला. अंगावर सूज चढली तेव्हा जालन्याच्या दवाखान्यात नेला. डॉक्टर म्हणाले, आता आठवड्यातून दोनदा मशीनवर यायचं, जिवंत आहे तोवर. रक्त बाहेर काढून, धुऊन परत घालायचं. त्यासाठी डाव्या मनगटात एक छोटं ऑपरेशन केलं आणि दोन नसा एकमेकींना जोडून दिल्या, मशीनच्या सुया तिथं टोचायला.

तिथं अक्षता नावाची सिस्टर होती. वयानं लहान, पण जिभेला धार. तिनं तुळजाबाईला खाटेजवळ बोलावलं, तिचा तळवा धरला आणि सरळ नवऱ्याच्या मनगटावर ठेवला. चारचौघांत! तुळजाबाईनं आधी दाराकडं पाहिलं, मग पदर सावरला.

"काय लागतंय, मावशी?"

"अगं बाई! ह्ये काय गं? मोटार चालू झाल्यावर पाइपाला लागतं तसं थरथरून राह्यलंय."

"बराबर! हीच थरथर सांभाळायची. रोज सकाळी हात ठेवून बघायचं. लागली नाही, तर त्याच दिवशी इथं यायचं, उद्या-परवा करायचं नाही. आणि या हाताला घड्याळ नाही, कडं नाही, गंडादोरा नाही. ओझं उचलायचं नाही, हात अंगाखाली घेऊन झोपायचं नाही. ही नस गेली तर दुसरी मिळायची पंचाईत आहे. दादांच्या उजव्या हातात सलाइनच्या सुयांनी काही ठेवलेलं नाही."

तुळजाबाई शाळेत गेली नव्हती, पण ऐकलेलं विसरणारी बाई नव्हती. घरी आल्या आल्या तिनं कात्री काढली. भुजंगरावाच्या डाव्या मनगटात रेणुकामातेचा दोरा होता, नवरात्रात देवळात बांधलेला.

"आगं, देवीचा हाय त्यो!" भुजंगरावानं हात मागं घेतला.

"असंल. देवीला मी सांगते काय सांगायचं ते. आणा हात इकडं."

आणि कापला. दोरा मुठीत घेऊन देवळात गेली, पायरीवर ठेवला, म्हणाली, माय, राग धरू नको, याला गाठ चालत न्हाई. अशी ही बाई. देवीलाही तिनं त्या मनगटापासून दूर ठेवलं, एवढं ध्यानात असू द्या.

तेव्हापासून एक नेम पडला. सकाळी भुजंगराव ओट्यावर बसायचा, अर्ध्या कपाचा मोजका चहा प्यायचा आणि डावा हात पुढं करून विचारायचा, "चालू हाय का?" तुळजाबाई शेजारी बसून तळवा ठेवायची. "चालू हाय." कळायला क्षणभर पुरे, पण तिचा हात तिथंच राहायचा. अंगणात शेळी बांधलेली, समोरून दुधाची गाडी जायची, आणि ही दोघं म्हातारी बसलेली. शेजारची चतुराबाई हंडा घेऊन जाताना ओरडायची, "तुळजे, नवं लगीन झालंय का गं?" "चल, गुमान पाणी भर!" तुळजाबाई खेकसायची, पण हात काढायची नाही. आता खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. दुखण्यानं घर पोखरलं होतं, गाडीत बसून बसून दोघांची हाडं खिळखिळी झाली होती, आणि त्या सगळ्यात ही एक गोष्ट तिला गोड लागत होती.

लेक हरिओम चाकणला कंपनीत होता. पोरगा वाईट नव्हता, कुणी तसं समजू नये. पण सुट्टी मिळेना, आणि बाप मशीनवर असताना आपण इकडं मशीनवर, हे त्याला खात असायचं. दिवाळीला आला तो बापासाठी एक पट्टा घेऊन आला. फिटनेस बँड. काळा, रबराचा, मधे चकाकती काच. त्यानं तो बापाच्या मोबाइलला जोडला, बापाच्या उजव्या हातात बांधला आणि समजावून सांगितलं.

"दादा, हा रातंदिवस घालायचा. तुमच्या छातीचे ठोके, तुमची झोप, सगळं मला तिकडं बसून दिसतं. इतका हलका आहे, की घातलाय हेच विसरून जाल. डब्यावरच लिहिलंय तसं."

डब्यावर लिहायला यांच्या बापाचं काय जातं! भुजंगरावाची कातडी किडनीच्या दुखण्यानं कोरडी पडलेली, रात्रंदिवस खाज. उजव्या हातानं जेवायचं, उजव्या हातानं तांब्या धरायचा. पट्ट्याखाली पाणी राहायचं, कालवण जायचं, घाम साचायचा. पंधरा दिवसांत मनगटाला लालभडक वेढा पडला आणि कातडी सोलवटली. काढून ठेवला, की थोड्या वेळात फोन. "दादा, काढला का? काही दिसंना मला. जीव घाबरून राह्यला ना इथं." मग पुन्हा बांधायचा. पोराच्या जिवाला घोर नको म्हणून बाप खाज सोसायचा, दात आवळून.

शेवटी एका दुपारी तुळजाबाईनं त्या हाताला खोबरेल लावलं आणि पट्टा हातात धरून बसली.

"डाव्यात घाल की," भुजंगराव म्हणाला.

"डाव्यात? सिस्टरनं घड्याळ नको म्हणलंय."

"ह्ये घड्याळ हाय का? ठोके मोजायचं यंत्र हाय, दवाखान्याच्या कामाचं. आन् रबर बघ की, कसं लोण्यावानी मऊ हाय."

तिनं पट्टा दाबून पाहिला. मऊ होता खरा. आणि घड्याळ, कडं, गंडादोरा, सगळं आठवून पाहिलं, त्यात पट्टा नव्हता. देवीचा दोरा तो देवाधर्माचा. डॉक्टरच्या कामात देवाधर्मानं लुडबुड करू नये, हे तिला पटलं होतं म्हणून कापला. पण हे तर डॉक्टरच्याच बाजूचं! शिवाय पोरानं आणलेलं. तिनं डाव्या मनगटात पट्टा घातला, खाली बोट जातंय का पाहिलं, एक भोक ढिलाही केला.

"दोनच दिस. उजवा बरा होस्तर," ती म्हणाली.

दोन दिवसांनी उजवा हात बरा झाला, पण पट्टा आठवला कुणाला? डाव्या हाताला त्रासच नव्हता. ना खाज, ना पाणी, ना कालवण. भुजंगराव पारावर बसून सांगायला लागला, "हातात काय हाय असं वाटतच न्हाई, बिलकुल!" मशीनच्या दिवशी मात्र सुया टोचताना अडचण नको म्हणून तो निघतानाच काढून खिशात टाकायचा आणि घरी आला की आपल्या हातानं चढवायचा. दवाखान्यात कुणी पाहिलं नाही, कुणी विचारलं नाही.

आणि सकाळचा नेम? तोही होता म्हणा. भुजंगराव हात पुढं करायचा, "चालू हाय का?" पण जिथं तळवा ठेवायचा तिथं आता काच होती. तुळजाबाईला आकडे कळायचे. काचेवर आकडा दिसायचा, मागं हिरवा उजेड लुकलुकायचा. "चालू हाय," म्हणून ती चुलीकडं वळायची. तिकडून हरिओमचा फोन यायचा, "माय, दादांचे ठोके एक नंबर!" मग अजून काय बघायचं? छातीचा ठोका वेगळा आणि मनगटातली थरथर वेगळी, हे तिला कुणी फोड करून सांगितलं नव्हतं. ठोके आहेत म्हणजे सगळं आहे, असं तिनं धरलं. तुम्हीआम्हीही तेच धरलं असतं.

मग एका आठवड्यात मशीनवरून आल्यावर भुजंगरावाला फार थकवा आला. बीपी खाली गेलं होतं. पट्टा चढवला, भाकरीचा तुकडा कसाबसा खाल्ला आणि आडवा झाला तो डाव्या कुशीवर, हात अंगाखाली. एरवी तुळजाबाईनं उठवून कूस बदलायला लावली असती, पण इतक्या दिवसांनी माणसाला गाढ झोप लागलीय, असू दे, म्हणून तिनं अंगावर चादर टाकली. दिवस मावळताना तो उठला तेव्हा हात सुजला होता आणि पट्टा कातडीत रुतला होता. तिनं तो ढिला केला, वळ चोळला. काचेवर आकडा होता. दुसऱ्या सकाळी होता, तिसऱ्या सकाळीही होता.

चौथ्या दिवशी जालन्याला गेले. त्या दिवशी पट्टा काढायचा राहिला. अक्षता सिस्टरनं बाही वर केली आणि तिचा चेहराच बदलला. पट्टा ओढून काढला, बोटं ठेवली, नळी लावून ऐकलं, पुन्हा ऐकलं.

"मावशी, कधीपासून बंद आहे हे?"

तुळजाबाई पुढं झाली. यावेळी तिनं दाराकडं पाहिलं नाही, पदर सावरला नाही. तळवा ठेवला, दाबला, वर सरकवला, खाली सरकवला. हाताखाली नुसती कातडी होती.

"आकडा तं येत व्हता गं," ती म्हणाली. "रोज येत व्हता."

डॉक्टर आले. पहिल्याच दिवशी आणलं असतं तर काही करून पाहता आलं असतं, आता रक्त गोठून नस दगड झालीय, म्हणाले. तात्पुरती मानेत नळी घातली. तुळजाबाईला बाहेर बोलावून सांगितलं, की या नळीत जंतू शिरायची भीती असते, थंडी वाजून ताप आला तर एक घटकाही थांबू नका, आणि किती दिवस निभेल ते आम्हालाही सांगता येणार नाही. डॉक्टर भला होता, खोटं बोलला नाही.

हरिओम दुसऱ्या दिवशी धावत आला. बापाच्या मानेतली नळी त्यानं पाहिली. खिशातून फोन काढून तो सिस्टरला, आईला, शेजारच्या खाटेवरच्या माणसालासुद्धा दाखवायला लागला.

"हे बघा ना! सगळं बराबर होतं! रोज बघत होतो मी! मंग कशानं झालं हे?"

अक्षता सिस्टरनं तोंड उघडलं. "अहो, तो पट्टा तुम्ही..."

"माझ्यानं झालं," तुळजाबाई मधेच म्हणाली. "हात ठिवून बघायचं सांगितलं व्हतं मला. मी सोडून देल्लं. इसरले."

हरिओम आईकडं वळला, आणि जे दिवसांचे दिवस त्याच्या पोटात साचलं होतं ते तिच्यावर फुटलं.

"एकच काम होतं माय तुझ्याकडं! एकच! मी तिकडं राबून राह्यलो, तुला नुसता हात ठेवायचा होता. तेवढंही झालं न्हाई तुझ्यानं?"

तुळजाबाईनं मान खाली घातली. खाटेवर भुजंगरावानं डोळे मिटून घेतले. हरिओम रडला, मग बापाच्या उजव्या हातात पट्टा त्यानं स्वतः बांधला आणि आईला बजावलं, "आता तरी हा काढू देऊ नको." ती बरं म्हणाली. याहून मोठी शिक्षा कुणी कुणाला देऊ शकतं का, ते सांगा!

गाडीत परतताना भुजंगरावानं विचारलं, "हरीची माय, खोटं कामून बोलली?"

"खोटं कुठं? हात न्हाई ठिवला ह्ये खरंच हाय."

"आन् पट्टा?"

"पट्टा पोरानं जीव लावून आणल्ता. त्याच्या पट्ट्यानं झालं म्हणून कळलं तं त्यो जन्मभर कसा जगंल? माझं काय, मी म्हातारी, मला सोसतंय." एवढं बोलून तिनं पदर तोंडात धरला आणि गाव येईपर्यंत रडत राहिली. ड्रायव्हरनं गाणी बंद केली.

नळीनं महिना-दीड महिना निभावलं. उजवं मनगट पुन्हा सोललं. तुळजाबाई त्याला तेल लावायची आणि पट्टा पुन्हा बांधायची, काढून ठेवला मात्र कधी नाही.

मग एका सकाळी भुजंगराव ओट्यावर चहा पिता पिता कुडकुडायला लागला. हातातला कप सांडला. अंग चुलीवरच्या तव्यासारखं तापलं आणि दात वाजायला लागले. चतुराबाईचा नवरा गाडी आणायला पळाला. तुळजाबाईनं घरातली होती नव्हती ती पांघरुणं आणून त्याच्यावर टाकली आणि भिंतीला टेकवून त्याला धरून बसली. त्याचे डोळे भलतीकडंच लागले होते. पांघरुणातून डावा हात हळूहळू बाहेर आला आणि रोजच्यासारखा तिच्यापुढं झाला.

"चालू हाय का?"

तिनं तळवा ठेवला, त्यावर दुसराही ठेवला. तापाच्या थंडीनं तो हात खांद्यापासून बोटांपर्यंत थरथरत होता.

"चालू हाय," ती म्हणाली. "बराबर चालू हाय."

त्याचा चेहरा निवला. घरात कोनाड्यात फोन वाजायला लागला. पट्ट्यानं चाकणला सांगितलं असणार, की बापाचे ठोके फार वाढलेत. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजायला लागला. उचलायचा तर हात काढावे लागले असते, आणि तुळजाबाईनं ते काढले नाहीत.