मुडबीचा पिवळा ठिपका

नेत्रावतीचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा, आईच्या फोननं. "मशीन चालू केले गं." एवढं बोलून निलम्मा फोन ठेवायची.

निलम्मा मुडबीचं दूध संकलन केंद्र सांभाळते. लेक मैलूरात माझ्या शेजारच्या खोलीत राहते, डेअरीच्या ऑफिसात कॉम्प्युटर बघते. त्याच डेअरीत मी जन्मभर कॅन उचलले.

आमच्याकडं लाईट गेली की आधी मेन स्विच खाली ओढतात. लाईट येताना झटका येतो, दूध गार करायच्या मशीनची मोटर जळते. लाईट आली तरी व्होल्टेज ठरेपर्यंत निलम्मा थांबायची. तोवर ऑफिसच्या वेब कन्सोलवर, जिथं सगळी केंद्रं एका पानावर दिसतात, मुडबीपुढं लाल ठिपका.

"गावात लाईट आहे आणि केंद्र बंद," मॅनेजर प्रशांतकुमार म्हणाले. "तुझी आई झोपते. पुढच्या महिन्यात केंद्र दुसऱ्याला."

"झोपत न्हाई सर. मोटर वाचवायलीय."

"कन्सोलला ते कळत नाही."

"मग कळवते."

तिनं प्लगइन लिहिलं. कन्सोल तोच, त्याला नवा भाग जोडायचा. स्विच ओढण्याआधी केंद्रावरून मिस्ड कॉल द्यायचा. सर्व्हरला लावलेल्या सिमवर तो आला की ठिपका पिवळा. म्हणजे स्विच मुद्दाम पाडलाय, माणूस जागेवर आहे.

शनिवारी ते चढवायचं ठरलं. मी पीएफच्या कामासाठी तिथंच बाकड्यावर होतो.

"कन्सोल पडला तर तूही घरी, आईही घरी," प्रशांतकुमार साहेब म्हणाले.

तिनं प्लगइन सर्व्हरवर टाकलं, कन्सोल बंद करून चालू केला. पान कोरं. एकही ठिपका नाही.

"झालं समाधान?"

तिनं प्लगइन काढलं, ठिपके परत आले. मग सर्व्हरची नोंद वाचत बसली. तिनं ज्यावर लिहिलं त्या लॅपटॉपवरचा कन्सोल नव्या आवृत्तीचा होता, ऑफिसचा जुना. चूक तिचीच, आधी बघायला हवं होतं. जेवायला उठली नाही. जुन्याला चालेल असं परत लिहिलं.

"राहू दे आता," साहेब म्हणाले.

"न्हाई सर. पडला तर घरी, असं तुम्हीच म्हटलंय ना?"

परत चढवलं. पान उघडलं, सगळे ठिपके जागेवर. मेनूत प्लगइनचं नाव दिसलं: निलम्मा.

"हे काय नाव? बदल."

"न्हाई बदलत."

चार वाजता मुडबीची लाईट गेली. निलम्माचा मिस्ड कॉल आला, मुडबीपुढचा ठिपका पिवळा झाला. लाईट आली तरी पिवळाच राहिला, मग मशीन चालू झालं तसा हिरवा. साहेब बघत उभे होते. केंद्र दुसऱ्याला द्यायची गोष्ट त्यांनी परत काढली नाही. बाकीच्या केंद्रांनाही तेच लावा म्हणाले.

मुडबीच्या केंद्रावर निलम्मा पालथ्या कॅनवर बसायची. गुडघे गेलेत तिचे. त्या महिन्याच्या पगारातून नेत्रावतीनं तिथं पाठ टेकायची लोखंडी खुर्ची नेऊन ठेवली.

"साहेब तपासणीला आले तर कुठं बसवू गं?" निलम्मानं विचारलं.

"कॅन हाय की."